तीन जीव की तीस?
उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या गणेशोत्सव मंडळांनी चित्रकला-वक्तृत्वाच्या जोडीने जुन्या व्हिडिओ गेमचीही स्पर्धा घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. मात्र खेळ किती अवघड ठेवायचा, हे आधी ठरवावं. ‘कॉन्ट्रा’ घ्या. टीव्हीला जोडायच्या या १९८८ सालच्या खेळात मुळात ३ जीव मिळतात. सुरुवातीलाच ठरावीक क्रमाने बटणं दाबली की ३०. नकली कॅसेटींत तर अनेकदा ३० जीव आधीच घातलेले असत, म्हणून सगळ्यांना एकच कॅसेट द्यावी. निन्टेन्डोच्या ‘टेट्रिस’मध्ये सोप्या पातळीवर मुरलेल्या दोघांतला फरक लवकर दिसतच नाही. त्यामुळे २०१० साली अमेरिकेत सुरू झालेल्या त्याच्या जागतिक स्पर्धेत सामने साधारणपणे १८व्या पातळीपासून खेळले जातात; तिथे ठोकळा सेकंदभरात तळ गाठतो. आपल्याकडे ‘कॉन्ट्रा’ची पहिली फेरी ३० जीवांची असावी, म्हणजे शाळकरी मुलगी आणि चाळिशीतले काका दोघंही मनसोक्त खेळतील. अंतिम फेरी ३ जीवांचीच, कारण तिथे कसब जोखायचं असतं. आणि हे नियम नावनोंदणीच्या दिवशीच फलकावर लावावेत. ऐनवेळी बदललेला नियम हरणाऱ्यावर अन्याय करतो आणि जिंकणाऱ्याचंही श्रेय हिरावतो.