समोर न पाहणारे छायाचित्र

वडिलांच्या देहावसानानंतर उठावण्यासाठी त्यांचे छायाचित्र हवे होते. घरात छायाचित्रांची वाण नव्हती. चौघांच्या मोबाइलांत मिळून लग्नांची, यात्रांची, वाढदिवसांची हजारो चित्रे साठलेली. परंतु बहुतेकांत वडील कोठेतरी कडेला, कोणाच्या तरी खांद्याआड. अखेर कपाटातून स्टुडिओतले एक जुने छायाचित्र निघाले. अंगात कोट, मागे निळा पडदा, दृष्टी थेट समोर. तेच मोठे करून आणले. आईने ते क्षणभर न्याहाळले आणि एवढेच म्हणाली, "असे कधी बसत होते ते?"

पुतण्याने दुकानात सहज काढलेले एक चित्र त्याच शोधात हाती आले होते. गादीवर बसलेले वडील, पुढ्यात उघडी खतावणी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक बोट रकमेवर टेकलेले. चेहरा खाली वळलेला. "समोर पाहत नाहीत" या एकाच कारणासाठी आम्ही ते बाजूला सारले होते.

महात्मा गांधींचे जगभर गाजलेले एक छायाचित्र मला त्या दिवसांत वारंवार आठवे. 1946 मध्ये 'लाइफ' या अमेरिकी साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी ते घेतले. गांधीजींचे चित्र घ्यायचे तर आधी सूत कातायला शिका, अशी अट त्यांना घालण्यात आली. त्या शिकल्या. तो गांधीजींच्या मौनाचा दिवस होता, शिवाय प्रखर प्रकाश त्यांना रुचत नसे. म्हणून फ्लॅशचे केवळ तीन दिवे वापरण्याची मुभा मिळाली. त्या काळचा दिवा एकदा पेटला की संपला. पहिले दोन प्रयत्न वाया गेले, तिसरा साधला. आज एका प्रसंगाची दोनशे चित्रे काढून त्यांतले एकही पुन्हा न पाहणाऱ्या आपणांस ही काटकसर चमत्कारिक वाटेल. व्यापाऱ्याला तरी वाटू नये!

हे चित्र 'चरखा चालविणारे गांधीजी' म्हणून अनेकांच्या स्मरणात आहे. वस्तुतः त्यात ते सूत कातीत नाहीत. मान खाली घालून कागद वाचीत आहेत. चरखा अगदी पुढे, म्हणून भव्य दिसतो. ज्याचा तो चरखा, तो मनुष्य त्यामागे, आकाराने लहान. डोळ्यांत डोळे घालून ते आपल्याकडे पाहत नाहीत, तरीही परके वाटत नाहीत. मनुष्य आणि त्याचे नित्याचे साधन एका चौकटीत आल्यावर चेहऱ्याने सांगायचे फारसे उरत नसावे. अर्थात चरखा कोठे ठेवला की शोभेल, हे त्या दिवशी सुचलेले नसणार. कातण्याच्या त्या शिकवणीत बाईंच्या हातांना चाकाची ओळख झालेली होती.

पुतण्याने काही शिकवणी घेतलेली नव्हती. मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत तो रोज दुपारी आजोबांजवळ बसून जमा-नावे समजून घेत असे. केव्हा ते खतावणीत बुडून जातात, हे त्याला ठाऊक होते. उजेडही फ्लॅशचा नव्हता. रस्त्याकडील दारातून एका अंगाने येणारा. मोबाइल त्याने उभ्याने वरून धरला नाही, तोही गादीवरच बसलेला होता, त्यामुळे आजोबा बुटके दिसले नाहीत. मागच्या फळीवरील डबे आणि दिनदर्शिका मात्र जशाच्या तशा आल्या आहेत. छपाई करणाऱ्याने ते सारे पुसून स्वच्छ पार्श्वभूमी देण्याची तयारी दाखविली, ती मी नाकारली. फळीही त्यांनीच लावलेली होती.

स्टुडिओतले चित्र आता घरी कपाटात आहे. दुकानात गादीच्या वर खतावणीचे चित्र लागले. गेल्या महिन्यात एक जुने गिऱ्हाईक आले, बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभे राहिले, आणि हळूच विचारते झाले, "शेठजी माझेच खाते काढून बसलेत काय?"