वार्ता आणि व्यापार

‘वार्ता’ हा संस्कृत शब्द मोठा अर्थगर्भ आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत कृषि, पशुपालन व वाणिज्य या तिहींस मिळून वार्ता म्हटलें आहे. आणि बातमी हा तर त्याचा सर्वपरिचित अर्थ. बातमी मंदावली कीं व्यापार कसा आंधळा होतो, याचें एक उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

तान्ह्या मुलांचे ‘पॅम्पर्स’ लंगोट अमेरिकेंतील प्रॉक्टर ॲण्ड गॅम्बल ही कंपनी तयार करते. मुलांची गरज रोजची व सारखी. दुकानांतील विक्रीहि फारशी कमीजास्त होत नसे. तथापि घाऊक व्यापाऱ्यांच्या मागण्या कधीं भरमसाट, तर कधीं अगदींच तुटपुंज्या; आणि खुद्द कंपनीच्या कच्च्या मालाच्या मागण्या त्याहूनहि चंचल! यांत कोणाची लबाडी नव्हती. दुकानदारानें तुटवड्याच्या भयानें चार नग अधिक मागवावे, घाऊक व्यापाऱ्यानें त्यांत आपली भर घालावी, कारखानदारानें त्यावरहि ताण करावी. पुढें वखारी तुडुंब भरल्या म्हणजे सर्वांनींच एकदम हात आखडावा, असा हा क्रम. हौ ली प्रभृति विद्वानांनीं १९९७ सालीं या प्रकाराची चिकित्सा केली. त्यास आसुडाची उपमा देतात. मुठीची हालचाल अल्प, परंतु टोंकाशीं फटकारा मोठा. आणि त्या टोंकाशीं बहुधा रोजंदारीचा मजूर उभा असतो, हें विसरतां कामा नये.

यावर उपाय सांपडला तो बातमीचाच. २६ जून १९७४ रोजीं ओहायो राज्यांतील ट्रॉय गांवीं एका दुकानांत च्युइंगगमचें पुडकें वेष्टणावरील काळ्या रेघांवरून यंत्रानें ओळखलें, आणि प्रत्येक विक्री त्याच क्षणीं टिपून ठेवण्याची वाट मोकळी झाली. वॉलमार्टनें १९९१ सालीं ‘रिटेल लिंक’ या व्यवस्थेनें आपल्या विक्रीचे आंकडे माल पुरविणाऱ्यांस खुले केले. कारखानदार आतां दुसऱ्याच्या तर्कावर विसंबून न राहतां गिऱ्हाइकानें प्रत्यक्ष काय नेलें तें पाहूं लागला. मागणी पालटली कीं उत्पादनहि वेळींच पालटणें त्यास शक्य झालें.

मात्र या यंत्रास एक मर्यादा आहे. विकली गेलेली वस्तु तें मोजतें. जी फळीवर नव्हती म्हणून गिऱ्हाईक रिकाम्या हातानें परतलें, तिची नोंद त्याच्यापाशीं नसते. कोपऱ्यावरचा वाणी ‘भगर आहे का?’ हा प्रश्न ऐकतो, आणि पुढच्या एकादशीपूर्वीं भगर आणून ठेवितो. यंत्राच्या वेगास माणसाच्या कानाची जोड हवी, ती एवढ्यासाठींच.

एकत्र कुटुंबांतहि याहून निराळें काय घडतें? साखर संपत आली असें वाटून तिघांनीं तीन पुडे आणावे, आणि मग महिनाभर मुंग्यांशीं झुंज! घर असो वा कारखाना, तर्क करण्यापूर्वीं डबा उघडून पाहावा, आणि आंत जें दिसलें तें सर्वांस खरेंखरें सांगावें, इतकेंच आमचें सांगणें.