बर्फावरील अपुरी झुंज

ह्या सदरांत बहुधा आपल्या डोळ्यांसमोरील खेळांविषयीं लिहिलें जातें. ह्या महिन्यांत ज्या सामन्यांची हकीकत सांगावयाची आहे, ते आपल्यापैकीं कोणीं पाहिले नाहींत, आणि तो खेळही आपल्याकडे फारसा नाहीं. परंतु ज्या साथीनें तो खेळ मध्येंच मोडला, ती साथ आपल्या घराघरांतून गेलेली आहे. १९१८ सालच्या त्या तापाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. जून महिन्यांत ती मुंबईस दिसूं लागली आणि पावसाळा सरतांना देशभर पसरली. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें तिनें नेलीं. जुन्या घरांतील वंशावळी उघडून पाहाव्या. त्या सालापाशीं एकाएकीं थांबलेल्या फांद्या आढळतील.

बर्फावरील हॉकी हा कॅनडाचा खेळ. पायांत लोखंडी पात्यांचे जोडे, हातांत वांकडी काठी, आणि चेंडूऐवजीं रबराची सपाट चकती. हिंवाळ्यांत तळीं गोठलीं कीं खेळ सुरू, अशी त्याची मूळची रीत. पण पॅसिफिक किनाऱ्यावर हवा सौम्य. तेथें पाणी भरंवशानें गोठत नाहीं. फ्रँक व लेस्टर पॅट्रिक ह्या दोन भावांनीं वडिलांच्या लांकडाच्या व्यापारांतील पैसा घालून व्हँकूवर व व्हिक्टोरिया येथें यंत्रानें बर्फ करणारीं क्रीडागृहें बांधलीं आणि १९११ सालीं धंदेवाईक खेळाडूंची पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशन काढली. पूर्वेकडील नामांकित खेळाडू अधिक पगार देऊन ओढून आणले. वडिलार्जित पैशाचे असे धाडसी उपयोग सर्वांच्याच घरीं सुखानें पार पडत नाहींत. येथें मात्र तो पैसा फळास आला. पुढें अमेरिकेंतील सिॲटल शहराचा मेट्रोपॉलिटन्स हा संघ त्यांत सामील झाला, आणि १९१७ सालीं त्यानें माँट्रिअलच्या कॅनडिएन्स संघास हरवून स्टॅन्ली चषक जिंकला. अमेरिकेंतील संघाकडे तो चषक प्रथमच गेला.

१९१९ च्या हंगामांत ह्या संघटनेंत तीनच संघ होते व प्रत्येकानें २० सामने खेळावयाचे होते. व्हँकूवरनें १२ जिंकले, सिॲटलनें ११, व्हिक्टोरियानें ७. पहिल्या दोघांच्या निर्णायक जोडसामन्यांत सिॲटलनें एक ६-१ असा जिंकला व दुसरा १-४ असा गमावला. गोलांची बेरीज ७-५ झाल्यानें चषकासाठीं पूर्वेच्या विजेत्याशीं झुंजण्याचा मान सिॲटलला मिळाला. हंगाम मोठा दांडगाईचा गेला. सिॲटलच्या कली विल्सननें व्हँकूवरच्या मिकी मॅके ह्याचा जबडा काठीनें मोडला. अंतिम झुंजीच्या तोंडावर सिॲटलचा मातबर गोलवीर बर्नी मॉरिस ह्याला लष्करभरती टाळल्याच्या आरोपावरून सरकारनें पकडून नेलें.

पूर्वेकडून आगगाडीनें सारा खंड ओलांडून आले ते माँट्रिअलचे कॅनडिएन्सच. त्यांच्यांत जो हॉल हा ३७ वर्षांचा बचावपटू होता. जन्म इंग्लंडांतला, वाढला मॅनिटोबांतील ब्रँडन गांवीं. मैदानावर त्याची ख्याति इतकी तिखट कीं लोक त्याला ‘वाईट जो’ म्हणत. शिक्षेच्या बाकावर सर्वाधिक वेळ बसणाऱ्यांत त्याचें नांव नेहमींचें. क्वेबेक संघातर्फे १९१२ व १९१३ असे दोनदां चषक जिंकलेला हा गडी होता.

पूर्वेचा खेळ सहा गड्यांचा, पश्चिमेचा सातांचा. म्हणून एक सामना एका नियमानें व पुढचा दुसऱ्या, असा तह होता. १९ मार्च रोजीं पहिला सामना सिॲटलनें ७-० असा एकतर्फी जिंकला. दुसऱ्यांत माँट्रिअलनें ४-२ अशी परतफेड केली, आणि ते चारही गोल एकट्या न्यूसी लालोंडचे. तिसरा पुन्हा सिॲटलचा, ७-२. त्यांत फ्रँक फॉयस्टनचे चार. चौथ्या सामन्याचें वर्णन थोडें सावकाश करावेंसें वाटतें. २६ मार्चच्या त्या रात्रीं होम्स व वेझिना ह्या दोन गोलरक्षकांनीं एकही चकती आंत जाऊं दिली नाहीं. नेमलेला वेळ संपला, जादा वेळ संपला, फलकावर शून्याला शून्य. त्या काळीं प्रत्येक संघाजवळ दोन-तीनच राखीव गडी असत, म्हणून तीच माणसें जवळजवळ अखेरपर्यंत धांवत होतीं. शिट्टी वाजतांच कित्येक जण तेथेंच बर्फावर पडले. पांचव्यांत माँट्रिअल ०-३ मागें होतें, तें बरोबरींत आलें आणि जादा वेळांत ४-३ असें जिंकलें. परंतु जो हॉल तो सामना पुरता खेळूं शकला नाहीं. अंगांत ताप भरला होता.

दोन विजय इकडे, दोन तिकडे, एक बरोबरी. १ एप्रिलला सहावा सामना ठरला होता. त्या दिवशीं हॉल, लालोंड, कूट्यूर, बर्लिंगेट, मॅकडोनाल्ड आणि चालक जॉर्ज केनेडी हे सारे अंथरुणास खिळले. व्हिक्टोरियाचे गडी उसने घेऊन खेळूं द्यावें अशी माँट्रिअलच्या बाजूची विनंती होती. ती मान्य झाली नाहीं. तेव्हां केनेडीनें सामना सोडून चषक सिॲटलला देऊं केला. सिॲटलचा शिक्षक पीट मल्डून ह्यानें तो नाकारला. प्रतिपक्ष आजारी आहे म्हणून मिळणारा चषक नको, असें त्याचें म्हणणें.

मल्डूनची ह्याबद्दल आजवर स्तुति होत आली आहे व ती योग्यच आहे. पण हें औदार्य वाचून मन तृप्त होत नाहीं. सिॲटल शहरानें १९१८ च्या ऑक्टोबरांत नाटकगृहें, शाळा व प्रार्थनामंदिरें बंद केलीं होतीं. नोव्हेंबरांत युद्धविरामाच्या आनंदांत तीं उघडलीं. साथ पुन्हा उलटली असतांही बंदिस्त गृहांत हजारोंच्या गर्दींत सामने चालू राहिले, आणि थकलेलीं शरीरें दोन-तीन दिवसांच्या अंतरानें पुन्हा जुंपलीं गेलीं. खेळ थांबला तो कोणाच्या विवेकानें नव्हे. उभें राहण्याजोगीं माणसें उरलीं नाहींत म्हणून. तिकिटें विकलीं जात असतांना थांबावें असें म्हणणारा कोणी पुढें आला असता, तर मल्डूनला ती उदारता दाखविण्याची पाळीच आली नसती.

जो हॉल ५ एप्रिल १९१९ रोजीं सिॲटलच्या रुग्णालयांत वारला. त्याला व्हँकूवर येथें पुरलें. बाकीचे खेळाडू वांचले. केनेडीची प्रकृति मात्र पुन्हा सुधारली नाहीं. तो १९२१ च्या ऑक्टोबरांत गेला. सिॲटलचा संघ १९२४ सालीं मोडला आणि त्याच्या बर्फाच्या घरांत मोटारी ठेवूं लागले. त्यानंतर आणखी एकदांच, २००५ सालीं, हा चषक कोणासही मिळाला नाहीं. त्या वेळचें कारण मालक व खेळाडू ह्यांच्यांतील पगाराचा तंटा.

१९१९ ची जागा चषकावर बरींच वर्षें कोरीच होती. १९४८ सालीं तो नव्या घडणीचा झाला, तेव्हां तेथें दोन्ही संघांचीं नांवें कोरलीं गेलीं, आणि त्यांखालीं एवढेंच: झुंज पुरी झाली नाहीं.