लुगडे नेसलेली मरिया

नाताळ जवळ आला की मुले गव्हाणीची चित्रे काढू लागतात. ज्या मुलांनी बर्फ पाहिला तो केवळ गोळेवाल्याच्या गाडीवर, त्यांच्या चित्रांत बेथलेहेमवर बर्फ पडत असतो आणि मरियेचे केस पिंगट असतात. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. भिंतीवरील तसबिरींत जे पाहिले तेच त्यांनी कागदावर उतरविले. मात्र ज्या एका ख्रिस्ती चित्रकाराने जन्मभर निराळी वाट धरली, त्याचे नावही आमच्या उपनगरांतील पुष्कळ घरांत ठाऊक नसावे, ही गोष्ट खेदाची होय.

अँजेलो दा फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव बेटावर झाला. मुंबईस ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात ते डॉक्टर होण्यासाठी दाखल झाले, आणि ते शिक्षण अर्धवट टाकून चित्रकलेकडे वळले. (चित्रकलेच्या परीक्षांकडे दहावीच्या वाढीव गुणांपुरतेच पाहणाऱ्या पालकांनी येथे क्षणभर थांबावे.) सर ज. जी. कलाशाळेतील पाश्चात्त्य वळणही त्यांस मानवेना. तेव्हा त्यांनी बंगाल गाठले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांचे शिष्यत्व पत्करले. गोव्यास परतल्यावर त्यांनी मरियेस साडी नेसविली आणि ख्रिस्तकथा भारतीय परिसरात रंगविली. तेथील धर्मनिष्ठांस ते रुचले नाही. टीका इतकी झाली की त्यांस गोवा सोडावा लागला. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांस आसरा मिळाला.

मला नवल वाटते ते या विरोधाचे. त्याच गोव्यात फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले, तेही मराठी ओव्यांत. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी प्रभूस अभंगांत गाइले, आणि आज मराठी मंडळ्यांतून ती भजने टाळांच्या साथीने म्हटली जातात. कानांनी जे इतक्या पूर्वी स्वीकारले, ते डोळ्यांस का सोसू नये?

यावर एक आक्षेप येतो व तो खोटा नाही. गालीलातील स्त्रिया लुगडे नेसत नव्हत्या. मग हीदेखील कल्पनाच नव्हे काय? होय, कल्पनाच. परंतु इटलीच्या चित्रकारांनी मरियेस इटलीचा पेहराव दिला, फ्लँडर्सच्या चित्रकारांनी तिला आपल्याकडील दिवाणखान्यात बसविले, तेव्हा त्यांस कोणी पाखंडी म्हटले नाही. चित्रकार आपल्या आईच्या, शेजारणीच्या चेहऱ्यावाचून दुसरा चेहरा आणणार कोठून? फोन्सेका यांनी १९५१ साली आयव्ही मेनेझिस यांच्याशी विवाह केला आणि त्यांच्या मरियेस पत्नीचा चेहरा लाभला. ती उसनी वाटत नाही याचे कारण हेच, असे माझे मत आहे.

तथापि कोणत्याही परदेशी पुतळ्यास साडी गुंडाळली म्हणजे भारतीय ख्रिस्ती कला झाली, असे कोणी समजू नये. बंगालच्या गुरूंची जलरंगाची रीत मोठ्या धीराची आहे: कागद पुनःपुन्हा भिजवावा, रंगाचा पातळ थर द्यावा, वाळू द्यावा, पुन्हा धुवावा. घाई केल्यास सारे गढूळ होते. हा धीर अंगी बाणल्यावर मग पेहरावाची गोष्ट.

सर्व राष्ट्रांच्या कलांस उपासनेत स्थान असावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली जाहीर केले. फोन्सेका तोवर तीस वर्षे तेच करीत आले होते. १९६७च्या डिसेंबरात ते निवर्तले. पत्नीने जपलेला त्यांचा मोठा चित्रसंग्रह आता पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. म्हणजे ज्या गोव्यातून चित्रकारास जावे लागले, त्याच गोव्यात. मे महिन्याच्या सुटीत आमची कित्येक कुटुंबे गोव्यास जातात. पर्वरी पणजीहून मांडवीचा पूल ओलांडला की लागते. तेथे चौकशी करून, जमल्यास मुलांसह एक सकाळ या चित्रांसाठी राखून ठेवावी.