पाळीवर मेलेला माणूस ‘नैसर्गिक’ मेला कसा?



गेल्या पंधरवड्यात आपल्या औद्योगिक वसाहतीतला एक प्रेस ऑपरेटर रात्रपाळीत गेला. वय एकेचाळीस. बारा तासांची ती त्याची सलग सहावी रात्र होती. साडेतीनच्या सुमारास छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला, डावा हात जड झाल्याचं त्यानं शेजारच्या मशीनवरच्या माणसाला सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, गॅस झाला असेल. प्रथमोपचाराच्या पेटीतली ॲसिडिटीची गोळी दिली आणि त्याला पुठ्ठ्यांवर आडवं केलं. गाडी मिळाली ती सकाळची पाळी आत आल्यावर, सहा वाजता. दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं. तेरावं व्हायच्या आत त्याच्या बायकोपुढं सहीसाठी एक कागद ठेवला गेला. त्यावर लिहिलं होतं : मृत्यू नैसर्गिक, कामाशी संबंध नाही.

बारा तासांची पाळी माणसाला पिळते आणि कंत्राटी कामगाराला कोणी वाली नसतो, हे सांगायला हे पत्रक काढलेलं नाही. ते तुम्ही रोज भोगता. हे पत्रक ‘नैसर्गिक’ या एका शब्दाविरुद्ध आहे.

प्रेसमध्ये बोटं गेली की अपघात होतो, पंचनामा होतो, इन्स्पेक्टर येतो. त्याच प्रेसपुढं उभं राहून काळीज थांबलं की काहीच होत नाही, कारण काळीज म्हणे कामगाराचं खाजगी. 1948 च्या कारखाने कायद्यानं व्यवसायजन्य रोगांची यादी केली. त्यात शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, आवाजानं येणारं बहिरेपणही पुढं आलं. हृदयविकार नव्हता. जो आवाज कान घालवतो तोच वर्षानुवर्षं रक्तदाब वाढवतो. कानाचा हिशेब कागदावर आला, काळजाचा आलाच नाही.

यात निसर्गाचा भाग किती, ते नीट बघा. माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत उतरतो, तीच हृदयाची विश्रांती. आठवड्याला पाळी बदलणाऱ्याला ती विश्रांती धड रात्री मिळत नाही, धड दिवसा पत्र्याच्या खोलीत मिळत नाही. भट्टीपाशी घाम जाऊन अंगातलं पाणी कमी होतं आणि हृदयाला जास्त धावावं लागतं. इंधन अर्धवट जळतं तिथला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो, म्हणजे ज्या घटकेला हृदयाला प्राणवायू जास्त हवा त्याच घटकेला तो कमी मिळतो. वर टार्गेट, वर कापलेला रोज, वर उद्या गेटवर पास मिळेल की नाही ही धास्ती. हा निसर्ग नाही. हे वेळापत्रक आहे, आणि ते कोणीतरी सही करून लावलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून 2021 साली हिशेब मांडला. आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम केल्यामुळं 2016 या एका वर्षात जगात सुमारे 7 लाख 45 हजार माणसं गेली. त्यातली 3 लाख 47 हजार हृदयविकारानं, बाकीची पक्षाघातानं. हा धोका 55 तासांना सुरू होतो. बारा तासांच्या सहा पाळ्या म्हणजे 72.

जपाननं अशा मरणाला नावच दिलं, कारोशी. काम करकरून आलेलं मरण. तिथल्या नियमानुसार हृदय बंद पडण्याआधीच्या महिन्यात सुमारे 100 तास जादा काम झालेलं असेल, तर मृत्यूचा कामाशी घट्ट संबंध धरतात. आता आपलं गणित करा. बारा तासांच्या 26 पाळ्या म्हणजे 312 तास. आठ तासांच्या 26 पाळ्या म्हणजे 208. फरक 104. जपानमध्ये ज्या आकड्यावर विधवेला भरपाई मिळते, तो आपल्याकडचा कंत्राटी कामगार साध्या महिन्यात ओलांडतो आणि पगाराच्या चिठ्ठीत त्याला ‘पूर्ण हजेरी’ म्हणतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं : तो तंबाखू खायचा, वडापाववर जगायचा, बापालाही हार्टचा त्रास होता. हे ऐकून माझं डोकं उठतं, तरी शांतपणे उत्तर देतो. लंडनमध्ये 1967 पासून सतरा हजारांहून जास्त सरकारी नोकरांची पाहणी झाली. सगळे एका शहरातले, कचेरीत बसणारे. सगळ्यांत खालच्या हुद्द्यावरचे शिपाई हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सगळ्यांत वरच्या साहेबांच्या तिपटीहून जास्त निघालं. मग संशोधकांनी सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरून पाहिलं. तरी निम्म्याहून जास्त फरक उरलाच. तेव्हा तंबाखू सोडा, जरूर सोडा, तिनं जीव जातो. पण तंबाखूच्या पुडीमागं बारा तासांची पाळी लपवू देऊ नका. आणि पहाटे तीनला डोळे मिटू नयेत म्हणून माणूस चिमूट दाढेखाली धरतो, ते व्यसन कोणत्या पाळीनं लावलं हेही विचारा.

दुसरं उत्तर याहून निलाजरं : ओव्हरटाइम कामगारालाच हवा असतो. आठ तासांच्या पगारात खोलीचं भाडं आणि पोरांची फी भागत नाही, म्हणून तो मागतो. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यात दिवसाला 9 ऐवजी 12 तासांची मुभा द्यायचं आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 115 वरून 144 तासांवर न्यायचं ठरवलं. म्हणे कामगाराची लेखी संमती लागेल. ज्याची नोकरी ठेकेदाराच्या एका फोनवर टिकते, त्याच्या संमतीला किंमत काय? मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना 1890 साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच्या काळात, 1946 साली, कारखान्याचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. त्या माणसांनी तास मोजले, कारण तासांत आयुष्य असतं हे त्यांना ठाऊक होतं.

आता आरोग्य तपासणीबद्दल. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी करायची, असं नव्या कामगार संहितांत आलं आहे. तपासणी हवीच. पण आपल्या त्या मित्राची तपासणी झाली होती. रक्तदाब 160 वर 100 निघाला. डॉक्टरांनी मीठ कमी करा, ताण घेऊ नका असं लिहून दिलं, आणि त्याच रात्री तो रात्रपाळीला उभा राहिला. कामात काडीचा बदल होणार नसेल, तर त्या तपासणीचा उपयोग एकच : मेल्यावर ‘त्याला आधीपासून होतंच’ म्हणायला कागद तयार.

काम बदललं की मरण टळतं, याचा दाखला फिनलंडमध्ये आहे. रेयॉनचा धागा करताना कार्बन डायसल्फाइडची वाफ श्वासात जाते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब करते. तिथल्या 343 कामगारांवर 1967 पासून लक्ष ठेवलं, तेव्हा त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू कागद गिरणीतल्या कामगारांच्या कितीतरी पट निघाले. 1972 साली वाफेची मर्यादा दशलक्षात 10 भागांवर आणली, अनेकांना वाफेपासून दूर दुसऱ्या कामावर हलवलं. पुढच्या वर्षांत ते जादा मृत्यू ओसरले. कोणालाही सॅलडचे फायदे समजावून सांगावे लागले नाहीत.

म्हणून आपल्याला हवं ते एवढंच. रक्तदाब वाढलेल्या माणसाची रात्रपाळी पगार न कापता बंद. वसाहतीत चोवीस तास ईसीजी आणि रुग्णवाहिका, आणि छातीत दुखलं की पाळी संपायची वाट न बघता गाडी गेटबाहेर. पाळीवर किंवा पाळीनंतरच्या चोवीस तासांत कोणी गेला, तर मागच्या महिन्याचे कामाचे तास मृत्यूच्या कागदाला जोडलेच पाहिजेत.

तोवर एक वही करा. आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ रोज स्वतःच्या अक्षरात लिहा, मस्टरवर आठ तास लावले असले तरी. वही घरी ठेवा आणि कुठं ठेवली ते बायकोला, आईला सांगून ठेवा. आपल्यातलं कोणी कामावर असताना दगावलं, तर शवविच्छेदनाचा आग्रह धरा, आणि त्याच्या घरी दोघं-तिघं लगेच जा. ‘नैसर्गिक’ लिहिलेला कागद घेऊन माणूस दारात येईल. त्याच्या आधी आपण पोचलं पाहिजे, वहिनींनी सही करायच्या आधी.