होडी हवी, जाकीटही हवे

पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या आमच्या खटाव तालुक्यात कोणी अंगणात होडी बांधायला घेतली, तर लोक हसणारच. खरे सांगायचे तर मीही हसलो.

औंधचे एक निवृत्त गुरुजी दोन्ही हातांवर पुरळ घेऊन दवाखान्यात आले. 'शेतात काही फवारलेत का?' असे विचारले, तर म्हणाले, 'नाही डॉक्टर, होडी बांधतोय. कयाक.'

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लाकडी सांगाड्यावर सीलचे कातडे ताणायचे आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे एकट्याने मारायचे. आता हौशी लोक प्लायवूडच्या पट्ट्या तांब्याच्या तारेने शिवून, सांधे इपॉक्सी राळेने भरून ती घरी बांधतात. गुरुजींना बाधली ती हीच राळ. तिची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. म्हणून हातमोजे घालावेत, काम उघड्यावर करावे, घासताना तोंडाला मास्क बांधावा. गुरुजींना मी राळेपासून दूर राहायला सांगितले. ते काम पुतण्याने केले.

परंतु होडी सोडा, असे मी म्हटले नाही. निवृत्तीनंतर हेच गुरुजी झोपेची गोळी मागायला येत. आता पहाटे उठून रंधा मारतात आणि रात्री गाढ झोपतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला होता, तेव्हा व्यायामाचे महत्त्व या गावाला नव्याने सांगायला नको. पण माझा अनुभव असा, की नेमाने सांगितलेला व्यायाम चार दिवसांत सुटतो आणि आवडीचा टिकतो. वल्हवताना मात्र नुसते हात ओढू नयेत, कमरेपासून अंग वळवावे; नाहीतर खांदे धरतात.

आमचा खरा वाद झाला तो जाकिटावरून. 'लहानपणापासून विहिरीत पोहतोय, जाकीट कशाला?' असे गुरुजींचे म्हणणे. वाचकहो, हे वाक्य मला फार भिववते. विहिरीत काठ चार हातांवर असतो, तलावात तो लांब राहतो. पायात गोळा आला, डोक्याला होडीचा मार लागला किंवा मधुमेह्याची साखर अचानक उतरली, तर पोहणे आठवतही नाही. सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरातून माणसे बाहेर काढणारी, खचाखच भरलेली बोट उलटली आणि अनेक जण बुडाले. नदीकाठच्या माणसांना पाणी नवे नव्हते.

मी म्हणालो, 'गुरुजी, पोराला पहिल्यांदा विहिरीत सोडताना पाठीला डबा बांधता ना? जाकीट म्हणजे तोच डबा.' ते गप्प बसले. पुढच्या आठवड्यात नवे जाकीट घालूनच दवाखान्यात हजर झाले!

तेव्हा साठीतही छंद जरूर लावून घ्या, हसणाऱ्यांना हसू द्या. पण परवानगीवाचून तलावात उतरू नका, एकटे जाऊ नका. मधुमेह असेल तर खिशात साखर ठेवा. आणि जाकीट होडीत ठेवण्यासाठी नसते, अंगात घालण्यासाठी असते.