शहराची सुईण

जादूची गोष्ट म्हटली की आमच्या वाचकांच्या कपाळाला आठी पडते. बुवाबाजी आम्हालाही नकोच. पण कथेतली जादू कोणाला गंडा बांधायला येत नाही. एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची २०१६ ची एक लघुकथा पाहा. तीत न्यूयॉर्क शहर जन्माला येऊ घातले आहे आणि त्याचे बाळंतपण करणार कोण, तर बेघर, उपाशी, काळा पोरगा! तो गच्चीवर रंगाने घसा चितारतो, शहराला श्वास घेता यावा म्हणून. वैरी येतो तो पोलिसांच्या रूपात. (काळ्या पोरांना हे निराळे सांगावे लागत नाही.) पोरगा त्याला मोटारींनी भरलेल्या हमरस्त्यावर ओढतो आणि टॅक्सी त्याला चिरडतात. मंत्र नाही, तंत्र नाही; रोजचा रस्ताच त्याचे हत्यार.

लिहिणाऱ्या मुलामुलींनो, अशी कथा लिहायची तर आधी आपला नाका, आपला जिना नीट लिहा. कुठल्या पायरीवर पाय घसरतो, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. जादू त्या पायरीतून काढा. जेमिसिन यांनी पुढे २०२० मध्ये या कथेची कादंबरी केली. आमचे मन मात्र त्या गच्चीवरच रमते.